वेल्डाच्या शेजारी

मुहर्रकच्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर,
खिडकी नसलेल्या खोलीत
मी लोकांचे श्वास मोजते.
नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी,
मग ओरडायचं : फुंका, फुंका, अजून, अजून, अजून.
अरबीत, मल्याळममध्ये, बंगालीत.
मराठीत फक्त एकाच माणसासाठी.

गफूर मजगावकर, वय एकसष्ट.
हिद्दच्या गोदीत एकतीस वर्षं वेल्डर,
जहाजांच्या टाक्यांत पोटावर सरपटत गेलेले.
दर सहा महिन्यांनी येतात.
"काय गो बाय, आज किती मार्क?"
पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली,
त्याला ते मार्क म्हणतात.
पंचावन्न. एकावन्न. सत्तेचाळीस.
"नापास कितीला?"
चाचा, इथं नापास करत नाहीत,
पुन्हा फुंकायला लावतात.

निरोगी माणसाची रेघ
चढते आणि सरळ उतरते.
त्यांची उतरताना मध्येच खचते,
ढिल्या दोरीवर ओली चादर टाकावी तशी.
अकरा वर्षं मी ती खचलेली रेघ पाहिली.
आणि खोकला.
कॅम्पात अंधारातही माणसं त्यांना
खोकल्यावरून ओळखायची.
शमाल सुटला की वाढायचा,
एसीची जाळी धुतली की उतरायचा,
राजापूरला फोन लागला की
दोन मिनिटं गिळून ठेवलेला असायचा.

फॉर्मवर एक प्रश्न आहे :
खोकला बदललाय का?
मी विचारायचे, ते म्हणायचे, "तोच तो."
मी 'नाही'वर खूण करायचे.

जुन्या खोकल्याच्या आडोशाला
नवा कधी येऊन बसला,
त्याच घशात, पहाटे चारच्या त्याच वेळेला,
आम्हा दोघांनाही कळलं नाही.
फेब्रुवारीत रुमालावर गंजाएवढा डाग.
वेल्डरला गंजाचं काय नवल?
रुमाल धुतला, वाळत घातला.
एप्रिलमध्ये पुन्हा.
मग सीटी. मग सुई.

डॉक्टर बुदूर अरबीत बोलल्या,
सिस्टर लिजीने त्याचं हिंदी केलं,
मी मराठी केलं. तीन हातांतून जाताना
कर्करोग हा शब्द तिघींनीही
थोडा थोडा हळू ठेवला.

"सिगारेट तर सोडली गो. नऊ वर्षं झाली."
हो चाचा. सिगारेट आहेच, धूर आहेच,
पण ती आतली सूजही आहे.
नळ्या सोलवटतात, भरून येतात,
पुन्हा सोलवटतात.
इतक्या वेळा डागडुजी करताना
एखादी पेशी कधीतरी चुकते,
आणि मग चुकतच राहते.
मला वाटलं, नीट सांगता आलं नाही.

ते भिंतीकडे बघत म्हणाले,
"भेग वेल्डात पडत नाही, बाय.
भेग पडते वेल्डाच्या शेजारी.
एकाच जागी दहादा आग दिली की
बाजूचा पत्रा आतून ठिसूळ होतो.
वरून रंग मारला की इन्स्पेक्टरलाही दिसत नाही.
म्हणून आम्ही लाल डाय लावतो, पुसतो,
वर पांढरी पावडर मारतो.
भेग असली तर
पांढऱ्यावर लाल उमटतं."

एवढं बोलून गप्प झाले.
खिशातल्या रुमालावर हात होता.

आता शल्यचिकित्सकाला माझाच आकडा हवाय :
तुकडा कापला तर उरलेल्यावर
हा माणूस जिना चढेल का?
एकाने दुसऱ्याला घरात घेतलं
आणि आता बाहेर काढायच्या वेळी
दारात तोच आडवा.

चिमटा. नळी.
गेल्या आठवड्यापासून मी फॉर्मआधी
पेन खाली ठेवते आणि सगळ्यांना सांगते :
एकदा खोका, मला ऐकू दे.
त्यांनाही सांगितलं.
ते हसले, त्यातच खोकले.

फुंका, चाचा. फुंका. अजून. अजून. अजून.

एकोणचाळीस.

त्यांनी पडदा पाहिला, मग मला.
कपाळ पुसलं, श्वास जमवला, बराच वेळ लागला.
"इथं नापास करत नाहीत ना?
मग लाव गो नळी."